बाबूजींची जेलची पिशवी

आमच्या माजघरात देवळीच्या वर एक खुंटी होती आणि त्या खुंटीला बाबूजींची जेलची पिशवी टांगलेली असायची. खाकी कापडाची, दोन बंदांची. आत एक धुतलेलं धोतर, एक दुपट्टा, साबणाची वडी, कडुनिंबाच्या काड्यांची जुडी आणि पितळेच्या डब्यात चिवडा. पोलीस कधीही येतील आणि आपल्याला धरून नेतील, त्या वेळी धावपळ नको, अशी बाबूजींची शिस्त होती. मायचा पोलिसांवर विश्वास नव्हता, पण चिवड्याच्या बाबतीत ती काटेकोर होती. "कव्हा येतीन सांगता येत नाई, आन् जेलमंदी वास आलेला चिवडा गेला तं लोक मलेच नावं ठेवतीन," म्हणायची आणि थोड्या थोड्या दिवसांनी डबा नव्याने भरायची. जुना चिवडा आमच्या वाट्याला यायचा. त्यामुळे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य वगैरे शब्द आजही कुठे वाचले की माझ्या जिभेवर नरमलेल्या पोह्यांची आणि खवट शेंगदाण्याची चव येते.

बाबूजींनी चोरी केली नव्हती, कुणाचं डोकं फोडलं नव्हतं. ते नागभीडजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेचे गुरुजी होते आणि वर्षातून एकदा आठ पानांचं एक व्यंगपत्र काढायचे. त्याचं नाव 'घेऊन जा'. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत काढतात. दाराशी खोचलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, गावभर ओरडत फिरायचं, "खासी-खोकला, ढेकूण-पिसवा, घेऊन जा गे मारबत!" आणि त्या फांद्या गावाच्या शिवेपलीकडे फेकून मागे न बघता परत यायचं. वर्षभराची इडा-पीडा गावाबाहेर जाते. बाबूजींचं म्हणणं, ढेकूण-पिसवांसोबत गावातला अन्यायही शिवेपार जायला पाहिजे, म्हणून अंक त्याच सकाळी निघायचा. कल्पना सुंदर होती. तिच्यात केवढा घोटाळा दडला आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाही समजलं नाही.

ही हौस त्यांना नागपूरला मास्तरकीचं शिक्षण घेताना लागली. तिथल्या एका वाचनालयात देशोदेशीच्या जुन्या विनोदी मासिकांचे बांधीव गठ्ठे धूळ खात पडले होते आणि दुपारी पंखा फुकट मिळतो म्हणून बाबूजी तिथे जाऊन बसत. इंग्रजी त्यांना बेताचंच येई, फ्रेंच-रशियन तर नाहीच, त्यामुळे त्यांनी जगाचा इतिहास चित्रांवरून लावला. घरी एरवी आमच्यासारखंच झाडीबोलीत बोलणारे बाबूजी हा विषय निघाला की एकदम पुस्तकातलं मराठी बोलू लागत. जेवताना हातातला घास तसाच धरून सांगायचे, "लखनौला उर्दूत असं पत्र निघत असे, गोऱ्या साहेबाची टोपी उडवीत असे. रशियात तर सरकारच सरकारची थट्टा छापून घेते, म्हणजे लोकांना तसदी नको. आणि फ्रान्स देशी एका राजाचे तोंड चित्रकारांनी नासपतीसारखे काढले. पुढे पुढे देशात कुणी भिंतीवर नुसती नासपती काढली तरी लोक हसू लागले!"

"मंग राजानं त्यायले काय केलं?" माय विचारायची. तिला उत्तर माहीत असायचं.

"तुरुंगात टाकले!" हे सांगताना बाबूजींची छाती फुगायची.

"आन् राजाचं काय झालं?"

"पळाला शेवटी. गादी सोडून."

"बरं झालं. भात घ्या."

यंत्र आमच्याकडे आलं ते वडशाच्या एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून. हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल, ज्यावर त्यांची हँडबिलं निघत. ते स्वयंपाकघराला लागूनच ठेवावं लागलं, कारण दुसरी जागा नव्हती. त्याच्या रुळाचा खटाक-खटाक आवाज आणि मायच्या फोडणीचा चर्र आवाज एकत्र यायचा. शाईचा वास कांद्यात आणि कांद्याचा वास शाईत. श्रावण सरता सरता घरातल्या प्रत्येक पोळीवर कुणाचं तरी काळं बोट उमटलेलं असायचं. छपाईसाठी कोरताना बिघडलेल्या मेणकागदांनी माय लोणच्याच्या बरण्यांची तोंडं बांधायची. चित्रं काढायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि मला स्थळं बघणं सुरू होतं. बाबूजींना चित्रकला मुळीच येत नव्हती, त्यांनी काढलेला माणूस आणि त्यांनी काढलेला बैल यांत शिंगांचाच काय तो फरक. मी लोखंडी टोकाच्या लेखणीने मेणकागदावर माणसं कोरायची, आणि ती खरंच त्या त्या माणसांसारखी व्हायची. ते कुठून आलं मला माहीत नाही. पुढे एटापल्लीला चित्रकलेची शिक्षिका म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली, हजारो मुलांना आंबा आणि झोपडी काढायला शिकवलं, पण त्या मेणकागदावर लागायचा तसा हात पुन्हा लागला नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या माणसाकडे येते. गावच्या तलावाचं पाणी तुडुमातून, म्हणजे पाळीत बसवलेल्या दगडी दारातून, सुटायचं आणि पाटाने आमच्या शेतांपर्यंत यायचं. आमच्या आणि आणखी कितीतरी घरांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, पाटाच्या शेपटाला होत्या. गावात गोविंदसेठची राइस मिल होती. मिलचा भुसा टाकायला आणि ट्रक वळवायला त्याला जागा कमी पडू लागली, तशी त्याने पाटावरच भुशाच्या गाड्या रिकाम्या केल्या आणि वरून मुरूम पसरला. पाट मिलच्या अंगणाखाली गेला. धान निसवायच्या वेळी शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं नाही तर लोंबी उभी राहते, पण दाणा भरत नाही, हातात घेऊन दाबली तर नुसतं फोल. दोन हंगाम आमच्या बांधीत असं फोलच उभं राहिलं. बाबूजींनी पंचायतीत तक्रार केली. पंचायत भरली ती गोविंदसेठच्याच ओट्यावर, आणि चहाही त्याचाच होता. मग बाबूजी म्हणाले, "आता याले अंकात घ्यायचं. लाज वाटून माणूस पाट मोकळा करीन."

गोविंदसेठचं तोंड वाटोळं, गालांना फोडी पाडल्यासारख्या उभ्या घड्या, आणि वर टोपीचं देठ. मी त्याला कोहळं काढलं. कोहळं म्हणजे पुणेकरांचा लाल भोपळा, पोळ्याला त्याची भाजी आणि गुळातली तळलेली बोंडं आमच्या घरोघरी होतात. पाटावर बसलेलं एक भलंमोठं कोहळं, त्याच्या खालून पाण्याचा एक थेंब बाहेर यायला धडपडतोय, आणि कोहळं दम्याने खोकतंय. गोविंदसेठला भुशामुळे जुना दमा होता. पूर्ण पानभर चित्र. खाली बाबूजींनी लिहिलं, "पाट अडला, धान अडलं, आता श्वासही अडला. घेऊन जा गे मारबत!" फ्रान्सच्या नासपतीला आपण तोंडात मारेल असं उत्तर दिलं याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्या रात्री ते जेवलेच नाहीत.

मारबतीच्या सकाळी अंक वाटला. बाबूजींनी धुतलेले कपडे घातले, पिशवी खुंटीवरून उतरवून मांडीवर घेतली आणि ओट्यावर पोलिसांची वाट बघत बसले. इकडे पोरांनी अंकातली आरोळी उचलली आणि गावभर ओरडत फिरली, "गोविंदसेठचा दमा घेऊन जा गे मारबत!" शिवेवर पळसाच्या फांद्यांसोबत सगळे अंकही फेकले गेले. इडा-पीडा लिहिलेला कागद घरात कोण ठेवील? पोलीस आले नाहीत. संध्याकाळी बाबूजींनी पिशवी परत टांगली. आणि पोळ्याची धामधूम सरते न सरते तोच गोविंदसेठ स्वतः, मिठाईचा पुडा घेऊन, आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"गुरुजी," तो म्हणाला, "दमा गेला गा!"

मी आज सांगू शकते की मिलचा पट्टा तुटला होता, तो नागपूरहून येईपर्यंत मिल बंद होती आणि भुसा उडत नव्हता म्हणून त्याला मोकळा श्वास येत होता. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी कुणी ऐकून घेतलं नसतं. गोविंदसेठने जवळपासच्या गावांत सांगितलं की गुरुजींच्या कागदावर ज्याचं चित्र येतं त्याची पीडा मारबत घेऊन जाते. पाटाचं त्याने नावही काढलं नाही. चित्रात पाट आहे हे त्याला दिसलंच नव्हतं. बाबूजी मिठाईच्या पुड्याकडे असे बघत बसले की जणू त्यात कुणी मेलेला उंदीर ठेवला होता.

पुढच्या श्रावणात आमच्या दाराशी रांग लागली. कुणाला मूतखडा, कुणाला जावेचा त्रास, कुणाच्या पोराला अभ्यास येत नाही. सगळ्यांना आपापली थट्टा छापून हवी होती. आणि ती जेवढी कडक तेवढं बरं, कारण मिळमिळीत थट्टेने पीडा अर्ध्या वाटेतून परत येईल. शेजारची भागाबाई तर शेळी घेऊनच आली.

"सुमे, हिचं काढ व."

"भागाबाई, शेळीचं काय काढू? ती काय अन्याय करते?"

"दूध नाई देत, आन् दिवसभर माह्याच तोंडाकडे पाहून राह्यते. याहून काय अन्याय असते?"

काढलं. अंकाच्या सहाव्या पानावर शेळी आली, खाली बाबूजींचा टोला, "खाणे चार जणांचे, देणे कुणालाच नाही." हा टोला खरं म्हणजे जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याला होता. शेळीला दोन पिल्लं झाली. त्यानंतर आमचं काही खरं राहिलं नाही.

आता माझी नात दिवसभर फोनवर असली चित्रं बघते. मंत्र्याच्या धडाला गाढवाचं तोंड, साहेबाच्या तोंडी भलतीच गाणी. मलाही पाठवते, मी चष्मा लावून बघते आणि हसते. पण बोटाने वर सरकवलं की ते गेलं. आमचा अंक निदान शिवेपर्यंत तरी जायचा.

शेळीच्याच वर्षी, अंक निघून गेल्यावर, हवालदार आले. सायकलवरून, नागभीडहून, टोपी घालून. मी अंगणात होते. मी ओरडले, "बाबूजी, आले!" आणि बाबूजींच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, जसा मुलीच्या वरातीतही पडला नसता. त्यांनी पिशवी काढली, देवाला हात जोडले, मायकडे बघून म्हणाले, "रडू नको." माय तांदूळ निवडत होती, ती कशाला रडते! बाबूजींनी बाहेर येऊन दोन्ही हात पुढे केले, बेडीसाठी.

हवालदारांना ते हात मिळवायला पुढे केले असं वाटलं. त्यांनी दोन्ही हात धरले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "गुरुजी, आमच्या साहेबाले मूळव्याध हाये. लय तकलीफ हाये. पुढच्या अंकात तेवढं बसवून नाई का देत? नाव नका टाकू, नुसती खुर्ची काढली तरी चालते."

बाबूजी आत आले, पिशवी टांगली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला त्यांची फार दया आली. हसूही येत होतं, पण दया जास्त. जगात सगळीकडे राजे, पोलीस, पुढारी व्यंगाला घाबरत होते, आणि आमच्या गावात त्याचा काढा करून पीत होते. शिवाय पाट अजून बंदच होता. त्या हंगामातही आमच्या लोंब्या फोलच राहिल्या. माय मूठभर लोंब्या चुरून तळहातावर फुंकर मारायची, सगळं उडून जायचं, आणि ती हात पदराला पुसायची.

त्याच्या पुढच्या पोळ्याआधी मीच म्हटलं, "बाबूजी, यंदा गोविंदसेठले घ्यायचंच नाई."

"नाई म्हंजे? मुख्य अन्याय तं तोच हाये."

"म्हणूनच."

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. गोविंदसेठ त्याच दुपारी आला. मी मेणकागदावर मूतखडा कोरत होते.

"पोरी, यंदा माहं चित्र कोणत्या पानावर हाये?"

"यंदा नाई, काका."

"नाई? काऊन नाई?"

"जागा नाई. गावातल्या समद्यांचं आलं, तुमचंच राह्यलं."

तो हसला. मग हसणं थांबलं. त्याच्या मनात हिशेब लागताना मला दिसत होता. "म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "समद्या गावाची पीडा शिवेपार जाईन, आन् माही एकट्याची इथीच राहीन?"

"हो."

"आन् शिवेपारची पीडा परत आली, तं ते कोणाच्या घरी जाईन? ज्याचं नाव नाई त्याच्या?" त्याला आत्ताच दम लागायला लागला होता. "भागाबाईची शेळीबी हाये का व अंकात?"

"शेळी हाये. दोन्ही पिल्लं पण हायेत."

तो मटकन खाली बसला. मी लेखणी न थांबवता म्हटलं, "पाट मोकळा करा, मंग काढीन."

दुसऱ्याच सकाळी मिलसमोर बैलगाड्या लागल्या. मुरूम उपसला, खालचा काळा, कुजका भुसा निघाला, त्याच्या वासाने गाव नाक धरून चालत होतं. पोळ्याच्या आत पाट मोकळा झाला. पुढे अश्विनात तुडूम उघडला तेव्हा शेपटाच्या बांधीपर्यंत पाणी आलं आणि माय त्यात लुगडं वर खोचून उभी राहिली, एक कोवळी लोंबी तोडून दातांखाली धरली आणि आतलं दूध लागलं तशी डोळे मिटून हसली. बाबूजीही आले होते. धोतर भिजेस्तोवर पाण्यात उभे होते. म्हणाले, "आलं. पण लाजेनं नाई आलं, भेवानं आलं."

पण सांगताना मी पुढे गेले. पाट मोकळा झाला तशी पोळ्याच्या आदल्या दिवशी गोविंदसेठ टोपी काढून चित्र काढून घ्यायला बसला, आणि नवीनच अडचण उभी राहिली. बाबूजी पुस्तकी भाषेत म्हणाले, "सेठ, आता आपला दोष कोणता? निर्दोष माणसाची थट्टा म्हणजे लाचारी."

"असं नका करू गुरुजी," सेठ काकुळतीला आला. "वाटलं तं चार गाड्या भुसा परत टाकतो. तुमी चित्र काढा, अंक निघाला का उचलून नेतो."

शेवटी तो भजनात घोरतो हा दोष सापडला आणि तळहाताएवढ्या जागेत त्याचं घोरणारं कोहळं बसवलं. पण त्याच्यासाठी राखलेलं शेवटचं पान त्यामुळे जवळजवळ रिकामं राहिलं. बाबूजी शाळेत पोळ्याचं तोरण बांधायला गेले होते. यंत्रापाशी मी आणि माय. मी म्हटलं, आता इथे कुणाचं काढू? गावात कुणी राहिलंच नाही.

माय कोहळ्याची बोंडं तळत होती. झाऱ्या कढईवर धरून तिने खुंटीकडे बघितलं. "एक राह्यला," म्हणाली.

मी बाबूजींना काढलं. ओट्यावर, धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी, मान लांब करून रस्त्याकडे बघणारे, आणि समोरून पोलिसांऐवजी लोक चाललेत, एकाच्या हातात मूतखडा, एकीच्या हातात शेळी. नाक मी जरा मोठं काढलं, ते होतंच तसं. खाली मायने सांगितलं ते लिहिलं, "गुरुजींची वाट पाहणं घेऊन जा गे मारबत."

सकाळी चावडीपाशी त्यांनी अंक उघडला. गाव हसलं. मनापासून, पोट धरून हसलं, गोविंदसेठ तर खोकेपर्यंत हसला. बाबूजी लाल झाले. घरी येऊन त्यांनी अंक माझ्यासमोर आपटला. "हे बदनामी हाये! मी काय असा बसतो? नाक असं हाये माहं?"

"मंग पोलिसात जा," माय म्हणाली.

आणि ते गेले. खरंच गेले. खुंटीवरची पिशवी घेऊन तणतणत नागभीडला गेले आणि ठाण्यात हवालदारांसमोर अंक ठेवून तक्रार लिहून घ्या म्हणाले. हवालदारांनी आधी साहेबाची खुर्ची आली आहे का ते बघितलं. ती आली होती. मग शांतपणे विचारलं, "अंक कोणी छापला?"

"मी."

"संपादक कोण?"

"मीच."

"मंग गुरुजी, अटक कोणाले करू?"

हे सगळं त्यांनीच संध्याकाळी आम्हाला सांगितलं. परत आले ते चालत, पाय धुळीने भरलेले, आणि तसेच ओट्यावर बसले. मी आतून पाणी आणून दिलं. बाबूजी माझ्यावर असे कधीच रागावले नव्हते. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

"सुमे," ते म्हणाले, "आज समजलं. हे असं वाटाले पाहिजे होतं गोविंदसेठले."

मग हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं. माय दारात आली आणि तीही हसू लागली, आणि मला मात्र रडू आलं. त्यांनी पिशवी मायच्या हातात दिली. डबा रिकामा होता.

"चिवडा हवालदारानं खाल्ला," बाबूजी म्हणाले. "आता नको भरू."